ओलं पोस्टकार्ड

शिओरी वर्गाच्या दाराशी पोचली आणि जागीच थबकली. काल तिथे दुधाची नव्वद रिकामी खोकी रचून ठेवली होती. आज ती सगळी सपाट! धुतलेली, कापलेली, वाळवलेली, वर सुतळीने दहा-दहाच्या गठ्ठ्यांत बांधलेली...

शेजारी एक उंच तरुण उभा होता. गळ्यात टॉवेल, चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा.

"या आठवड्यात कचऱ्याची पाळी आमच्या घरची," तो म्हणाला. "कुणीतरी न कापताच टाकली होती. अशी गाडीवाले उचलत नाहीत. म्हटलं, करून टाकू."

"टाकली नव्हती, जमवली होती! तीन आठवडे! मुलं होड्या करणार होती यांच्या."

"होड्या—"

"सपाट होडी कुठे पाहिलीय तुम्ही?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, त्यातली गत. पण त्याचा तरी काय दोष? जपानच्या या बेटावर रिकामं खोकं दिसलं की माणसाचा हात आपोआप कात्रीकडे जातो. शिओरीला रागही आला आणि हसूही. त्यातलं हसू तिने गिळलं.

तो तेप्पेई, चढावरच्या टोफूच्या दुकानातला. तासाभरात तो परत आला तो टोफू दाबायच्या लाकडी चौकटी, जाळीदार कापड आणि मोठं घमेलं घेऊन.

"खोकी भिजवायची, वरचं प्लॅस्टिक सोलायचं, लगदा करायचा आणि चौकटीत दाबायचा. पोस्टकार्डं होतील. आमच्या टोफूसारखंच आहे... फक्त खाता येत नाही."

"तुमचा टोफू येतो का खाता?"

"उद्या आणतो. मग बोला."

उन्हाळ्याच्या सुट्टीतला हा मुलांचा वर्ग घ्यायला शिओरी कोबेहून आली होती. शिंपले, वाहून आलेली लाकडं, बाटल्यांची झाकणं... मुलांना त्यातून काय काय सुचायचं! बालकेंद्राच्या प्रमुख बाईंनी तिला विचारलं होतं, वर्षभर राहशील का? शनिवारच्या बोटीआधी उत्तर हवं होतं. मुलांसाठी ती एका पायावर तयार होती. पण आपलं असं कुणीही नसताना इथे हिवाळा काढायचा? तिथे तिचं पाऊल अडत होतं.

दोन दिवसांनी खोकी भिजून मऊ झाली. लगद्यात मुलांनी नेच्याची पानं आणि निळ्या पाकळ्या पेरल्या. कार्ड कापडात गुंडाळून शिओरी त्यावर इस्त्री फिरवायची. बाहेर झाडाझाडावर उन्हाळी किडे कर्कश किरकिरत होते. तेप्पेई रोज दुकान आवरून चौकटी न्यायला यायचा. आणि रोज विसरून जायचा.

"तेप्पेईदादा, आजही विसरणार का?" आठ वर्षांची नोनोका विचारायची.

घमेल्यात त्याची बोटं शिओरीच्या बोटांना लागली की दोघंही लगद्यात काहीतरी शोधू लागायचे. लगद्यात काय असणार, डोंबल! पण सापडेपर्यंत शोधायचे खरे.

शुक्रवार उजाडला, वर्गाचा शेवटचा दिवस. मुलं घरी निघाली. तेप्पेईने दोन्ही हातांवर तोलून एक कार्ड पुढे केलं. जाड, वाकडं, पाणी ठिबकणारं.

"तुम्हाला लिहिणार होतो. पण वाळायला दोन दिवस लागतील, आणि तुमची बोट तर उद्या..."

"काय लिहिणार होतात?"

"ते... ओलं आहे ना अजून."

"मग तोंडाने सांगा."

त्याचे कान लाल झाले. "राहा. केंद्रासाठी नाही, मुलांसाठीही नाही. माझ्यासाठी. मला तुम्ही फार आवडता. पहिल्या दिवशी तुम्ही ओरडलात ना... तेव्हापासून."

इतके दिवस शिओरीला हेच ऐकायचं होतं, हे तिला ऐकल्यावर कळलं.

"बाई, इस्त्री फिरवा की!" दारातून नोनोका ओरडली. ही अजून गेलीच नव्हती. "माझं पाच मिनिटांत वाळलं!"

शिओरीने तापलेल्या इस्त्रीकडे पाहिलं, तेप्पेईकडे पाहिलं आणि प्लग काढला.

"बिघडलीय."

"आत्ता तर चालू होती!"

"आत्ताच बिघडली."

तिने ओलं कार्ड खिडकीच्या काचेवर हलक्या हाताने चिकटवलं. "दोन दिवस याला कुणी हात लावायचा नाही."

"आणि बोट?" तेप्पेईने विचारलं.

"जाईल की, तिला कुणी अडवलंय? मी केंद्रात 'हो' सांगून येते. वाळलं की लिहा. पत्ता मात्र इथलाच घाला."

ती चप्पल घालून पळाली. तेप्पेईने चौकटी उचलल्या, दारापर्यंत नेल्या आणि परत आणून जागेवर ठेवल्या.