फ्लोरस्पारच्या फुगीर गोण्या

"हात लावू नकोस त्या गोणीला," छाया ओमवर खेकसली. "आधीच बाबांवर चोरीचा आळ आलाय. त्यात तुझी भर नको."

१९९८ चा मे महिना होता. इगतपुरीचा ओम सुट्टीत नाशिकला मामाकडे आला होता. आज तो आणि मामेबहीण छाया मामाचा डबा घेऊन अंबडच्या फाउंड्रीत आले होते. मामा, म्हणजे छायाचे बाबा बहिरू, तिथले स्टोअरकीपर. महिनाभर तिथले लोखंडाचे भाग खराब निघत होते. वितळलेल्या लोखंडावरचा मळ पातळ होऊन वाहून जावा म्हणून भट्टीत फ्लोरस्पार नावाचा दगड टाकतात. तो टाकूनही मळ चिकटच राहत होता. मॅनेजर राकेशसाहेबांनी काल सगळ्या कामगारांदेखत जाहीर केलं, की बहिरूच चांगला माल बाहेर विकतो आणि गोण्यांत भलतेच दगड भरतो. शनिवारपासून कामावर यायचं नाही. विचारपूस नाही, काही नाही. असल्या माणसाला साहेब तरी कशाला म्हणायचं!

फ्लोरस्पार पुरवणाऱ्या झुंबरशेठचा ट्रक आत आला; शेठही सोबत होते. हमालानं मागचा फाळका पाडला, जवळची गोणी ओढली आणि तिच्यातून नमुना काढला. तिथली पद्धतच तशी होती. आतली गोणी उपसून बघायचे कष्ट घेतो कोण? नमुना पास, की अख्खा ट्रक पास.

"छायाताई, ह्या गोण्यांचं वजन सारखंच असतं का गं?" ओमनं हळूच विचारलं.

"पन्नास किलो. काट्यावर होतं ना."

"मग फाळक्याजवळच्या ढिल्या नि आतल्या तोंडापर्यंत फुगलेल्या कशा? आमच्याकडं टरफलासकटच्या भाताची गोणी अशीच तेवढ्याच वजनाच्या तांदळापेक्षा फुगते. आत दुसरंच काहीतरी हलकं हे."

छायानं डबा ओमच्या हातात कोंबला आणि ती ट्रकवर चढली.

"ए कार्टे, उतर खाली," झुंबरशेठ ओरडले.

तिनं आतल्या गोणीची सुतळी ओढली. पांढरे खडे घरंगळत खाली आले. ओमनं त्यातला एक आणि नमुन्यातला एक विटेनं कुटला. छायानं खाली उतरून डब्यातली लिंबाची फोड दोन्ही भुकट्यांवर पिळली. नमुन्याची भुकटी गप्प राहिली. आतली फसफसली.

"चुन्याचा दगड आहे हा. शाळेत केलाय आम्ही हा प्रयोग," छाया म्हणाली.

"हमालाची चूक असेल," झुंबरशेठ पुटपुटले.

"चांगल्या गोण्या नेमक्या फाळक्याजवळ ठेवायची चूकपण हमालाचीच का?" ओमनं विचारलं.

एव्हाना राकेशसाहेब, बहिरू आणि भट्टीवरचे कामगारही तिथं जमले होते. राकेशसाहेबांनी ओमच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. पोरं हुशार आहेत तुझी, बहिरू."

"शाबासकी नको आम्हांला," छाया तडकली. "बाबांना चोर म्हणालात, ते मागे घ्या."

साहेब खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं, बहिरू. तू चोर नाहीस. नोकरी आहे तुझी."

छायाचे बाबा जागचे हलले नाहीत. "जरा मोठ्यानं, साहेब. मागच्यांना ऐकू आलं नाही."

आणि साहेबांना ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.