हात शेकतंय कुणीतरी

मी वायरिंगची कामं करतो. दिवसभर विजेशी खेळ, त्यामुळे भुताखेतांवर विश्वास ठेवायला सवड मिळत नाही. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्या गाडीत घडलंय आणि माझ्या वडिलांच्या बाबतीत घडलंय. पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. जागा म्हणाल तर आमच्या दारासमोरची गल्ली आणि कोपऱ्यावरचं गॅरेज. स्मशान नाही, विहीर नाही, अमावस्या तर मुळीच नाही. जे झालं ते दिवसाढवळ्या.

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. करवतीत उजव्या हाताची तर्जनी अर्धी गेली, तरी सांगताना ऐट अशी की, "साडेनऊ बोटांत अख्खं घर उभं केलं." पण डायलिसिस झालं की त्यांना हुडहुडी भरते. हात तर इतके गार पडतात की धरवत नाहीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, घरी नेताना यांना अजिबात गारठा लागू देऊ नका.

आणि माझ्याकडे गाडी कसली? एक जुनी पिकअप. सेकंडहँड घेतलेली, तीही उन्हाळ्यात. उन्हाळ्यात हीटर कोण तपासतो!

थंडी पडली आणि पितळ उघडं पडलं.

इंजिनाच्या तापमानाचा काटा तळाशी. कितीही चालवा... काटा जागचा हलत नव्हता. हीटर लावला की फ्रीज उघडल्यासारखी हवा अंगावर यायची.

गॅरेजमधल्या मेकॅनिकला आमच्याकडे सगळे 'होईल' म्हणतात. काहीही विचारा, उत्तर एकच, "होईल." कधी, ते विचारायचं नाही.

"थर्मोस्टॅट उघडा अडकलाय," तो म्हणाला. "इंजिन तापायच्या आधीच पाणी रेडिएटरला पळतंय. बदलला की होईल."

बदलला. जुना काढून पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात टाकून पाहिला, तर तो ठणठणीत. तरी नवा बसवला. कूलंट भरलं, आतली हवा काढली, रेडिएटरसमोर पुठ्ठा लावला.

काटा तळाशीच.

अप्पा दोन शाली आणि कानटोपी घालून शेजारी बसायचे. दात वाजत असायचे, तरी तोंड चालूच. "अरे, त्यापेक्षा हातगाडीवर घालून ने मला. ढकलताना तुला तरी घाम येईल."

मला हसू यायचं नाही. घरी पोचेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडलेले असायचे.

मग एका सकाळी 'होईल'ने इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं. इंजिनातलं गरम पाणी हीटरकडे नेणारा रबरी पाईप तो हाताने चाचपत गेला.

"इथे गरम," तो म्हणाला. हात पुढे सरकला. "इथेही गरम..."

आणि त्याने हात झटकन मागे घेतला.

"तू धरून बघ."

मी धरला. इंजिनाजवळ पाईप चटका देत होता. वीतभर पुढे गेलो, तर... बर्फ.

एका मुठीएवढा पट्टा. त्याच्या पलीकडे पाईप नुसता कोमट.

चालू इंजिनावरच्या त्या पट्ट्यात दव धरलं होतं. आणि त्या दवाला आकार होता... चार बोटं. पलीकडून आलेला अंगठा. बारीक हात, बाईचा वाटावा असा.

कुणीतरी पाईप मुठीत धरून हात शेकत होतं.

"पाईप चोंदला असेल," मी म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला. "बदलून होईल ना?"

त्याने फडक्याला हात पुसले. एकदा पुसले, परत पुसले.

"पाईप कालच बदललाय मी," तो म्हणाला.

'होईल' असं तो म्हणाला नाही. मी त्याला ओळखतो तेव्हापासून पहिल्यांदाच.

त्या दुपारी मी गाडी विकणाऱ्याला फोन लावला. भांडायच्या तयारीनेच.

"हीटर चालत नाही, हे आधी सांगायला काय झालं होतं?"



"माझ्याकडे होती तेव्हा चालायचा," तो म्हणाला. "बायकोला हॉस्पिटलला न्यायचो मी त्याच गाडीतून. फार थंडी वाजायची हो तिला. हात कधी गरमच व्हायचे नाहीत. मग एक दिवस म्हणाली... अहो, आज हात छान गरम झालेत."

"मग?"

"त्याच रात्री गेली."

फोन त्यानेच ठेवला.

हे मी अप्पांना सांगितलं नाही. पाईपचं मात्र सांगून बसलो. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मला वाटलं, घाबरतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बाईचा हात?"

"तसा वाटला."

"मग बिचारीला हातमोजे दे की! थंडीने काकडणाऱ्या माणसावर चिडून काय उपयोग?"

आणि स्वतःच्या हातातले लोकरीचे मोजे काढून माझ्यापुढे धरले. आईने विणलेले. उजव्याची तर्जनी अर्ध्यावर दुमडून शिवलेली.

मी ते पाईपवर वायरने बांधले. हसलात तरी चालेल, बांधताना मीही हसत होतो.

दुसऱ्या दिवशी काटा मध्यावर आला.

हीटरमधून खरोखरची गरम हवा आली. अप्पांनी कानटोपी काढली, शाल काढली, आणि एक जुनं गाणं अर्धवट गुणगुणलं. आई गेल्यापासून त्यांनी कधी गुणगुणलं नव्हतं. मी इतका खूश झालो की रिकाम्या रस्त्यावर उगाच हॉर्न वाजवला. त्यांच्यासाठी नवे हातमोजेही आणले, पण ते टोचतात म्हणून त्यांनी कपाटात टाकले.

काही दिवस असे सुखाचे गेले.

मग एका सकाळी मी एकटाच कामावर निघालो. गाडीचं दार उघडलं...

अप्पांच्या सीटवर त्यांचे हातमोजे होते. एकावर एक, नीट घडी घालून ठेवलेले.

गाडीला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती. बॉनेट बंद.

इंजिन सुरू केलं. थांबलो. काटा तळाशी.

उतरायची इच्छा नव्हती. तरी उतरलो आणि बॉनेट वर केलं.

पाईपवर दवाचे... दोन पट्टे होते. एकाला लागून एक. पहिला तोच, बारीक बोटांचा.

दुसरा रुंद. जाड बोटं, कष्टाचा हात. आणि तर्जनी...

अर्धीच.

मी हातमोजे उचलले आणि घरात धावलो. अप्पा खिडकीशी उन्हात बसले होते. मला बघून हसले आणि दोन्ही हात पुढे केले.

"अरे, हे बघ तरी. आज हात छान गरम झालेत!"

 ते मोजे त्यांच्या हातात चढवले आणि घट्ट धरून बसलो. "सोड रे, घाम येतोय," असं ते म्हणत राहिले. मी सोडलं नाही. दिवस गेला, रात्र गेली. पहाटे मोजा सरकवून पाहिलं, तर त्यांचे हात पुन्हा गार पडले होते. मला रडू आवरलं नाही.

अप्पा अजून आहेत. पिकअपही आहे. दुसरी घ्यायची ऐपत नाही, हे एक कारण. पण खरं कारण वेगळंच आहे. ती विकली तर पाईपवरचा तो अर्ध्या बोटाचा हात कुणाच्या दारात जाईल, आणि मग इथे काय होईल, हे मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची हिंमतही नाही.

हातमोजे आता अप्पांच्या हातातच असतात. काटा तळाशीच असतो. येताना ते शालीत कुडकुडत विचारतात, "अरे, या हीटरचं काही होणार आहे का?"

"होईल," मी म्हणतो.

रोज सकाळी उठलो की आधी त्यांचा हात हातात घेतो.

गार लागला की बरं वाटतं.