काकूंची मच्छरदाणी

काकू औषधांच्या दुकानात गेल्या त्या डासांच्या मलमासाठी. दुकानदार गल्लीतलाच. बोटीने बेटं बघायला जातोय म्हटल्यावर त्याने दोन ट्यूब काढून काउंटरवर ठेवल्या. काकूंनी त्यातली एक त्याच्याकडे परत सरकवली.

"एकच दे. मला नाही लागत."

"काकू, तिकडे तापाची साथ आहे म्हणतात."

"असू दे. माझी मच्छरदाणी माझ्याबरोबरच येतेय."

दुकानदार हसला, कारण ही चेष्टा सगळ्या गल्लीला ठाऊक होती. काकूंचे यजमान म्हणजे मास्तर, आणि डासांचा जीव मास्तरांवर. खोलीत दहा माणसं बसलेली असोत, डास नऊ जणांना ओलांडून मास्तरांकडे जायचे. मलम लावा, पंखा लावा, काही उपयोग नसे. मास्तर आपल्या लाकडी फूटपट्टीने पाठ खाजवत बसायचे आणि त्यांच्या शेजारी काकू उघड्या हातापायांनी गाढ झोपायच्या. लग्न झाल्यापासून त्यांना डास असा चावलाच नव्हता.

"माझं रक्त गोड आहे," मास्तर म्हणत.

"गोड कसलं? आयतं आहे. हाकलण्याचाही आळस तुम्हाला," काकू म्हणत.

मास्तरांनी निवृत्त होईपर्यंत शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर हजारदा बेटं काढली, पण पाय एकावरही ठेवला नव्हता. ही सहल मुलीच्या हट्टामुळे ठरली. मुलीला सातवा महिना होता आणि ती राहायला इकडेच आली होती. "एकदा बाळ आलं की तुम्ही दोघं उंबरा ओलांडायचे नाही," ती म्हणाली, "आत्ताच जाऊन या." मास्तरांनी नातवंडासाठी आधीच एक पृथ्वीगोल आणून ठेवला होता. काकू त्यावरूनही त्यांना चिडवत, की मुलाला आधी मान तर धरू दे.

बोट पांढरीशुभ्र होती आणि एखाद्या वसाहतीएवढी मोठी. रोज सकाळी खिडकीत नवं बेट यायचं. मास्तर लहान मुलासारखे सगळ्यांच्या आधी धक्क्यावर उतरायचे. अशाच एका बेटावर दाट झाडीतून पायवाट होती. मास्तर तिथे मनसोक्त हिंडले आणि मनसोक्त चावून घेऊन परत आले. काकूंच्या अंगावर चावल्याची एक गांदही नव्हती.

ताप चढला तो त्यानंतर काही दिवसांनी. बोटीवरचा डॉक्टर भला माणूस होता, पण त्याचेही हात बांधलेले होते. साथीचा ताप असलेला माणूस बोटीवर ठेवता येत नाही, तो म्हणाला. पुढच्या बेटावर तापाचं रुग्णालय आहे, तिथे उतरा, परतीच्या वाटेवर बोट तुम्हाला घेईल. काकू एक पिशवी घेऊन मास्तरांबरोबर उतरल्या. बोट निघाली तेव्हा वरून काही जणांनी हात हलवले. काकूंनाही हात हलवावा लागला.

रुग्णालय म्हणजे समुद्राकडे तोंड केलेली एक लांबच लांब बैठी इमारत होती. आत फिनेलचा वास, ओल धरलेल्या भिंतींचा वास आणि त्यावर जळत्या कॉइलचा धूर. खाटांवर पांढऱ्या मच्छरदाण्या सोडलेल्या होत्या आणि आतली माणसं धुक्यातल्यासारखी पुसट दिसत. तिथली सिस्टर अंगाने भरलेली, चालीने संथ, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे.

पहिल्याच दिवशी पाणी शोधताना काकूंनी मागचं एक दार उघडलं. पलीकडे व्हरांडा होता. तिथे खुर्च्यांवर काही माणसं समुद्राकडे बघत शांत बसली होती. एकाही खुर्चीवर मच्छरदाणी नव्हती. कुणी मागे वळून पाहिलं नाही, फक्त एका बाईने मान वळवून ओळखीचं हसल्यासारखं केलं.

"ती माणसं कोण?" काकूंनी विचारलं.

"ताप उतरलेली," सिस्टर म्हणाली आणि दार हलकेच लोटून घेतलं.

मास्तरांचा ताप मात्र उतरायचं नाव घेईना. काकू कपाळावर ओल्या घड्या ठेवायच्या आणि त्या हातात घेईपर्यंत गरम व्हायच्या. एका दुपारी मास्तर बडबडायला लागले. बेटांची नावं घेत होते, वर्गात हजेरी घ्यावी तशी, आणि प्रत्येक नावानंतर उत्तराची वाट बघत होते. काकूंना ते बघवेना. संध्याकाळ झाली तेव्हा सिस्टरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तोंडावर पाणी मारून या, काकू. घोटभर चहा घ्या. मी बसते."

काकू गेल्या, चहा कसाबसा घशाखाली घातला आणि परत आल्या. सिस्टर खाटेजवळ नव्हती. मच्छरदाणी वर टाकलेली होती आणि मास्तर पाय जमिनीवर सोडून खाटेच्या कडेला ताठ बसले होते.

"उतरला गं ताप," ते म्हणाले.

काकूंनी कपाळाला हात लावला. गार होतं. त्यांच्या जीवात जीव आला आणि त्या मास्तरांच्या खांद्यावर डोकं टेकून मनमोकळं रडल्या. मास्तर त्यांची पाठ थोपटत राहिले. खिडकीतून वारा येत होता, म्हणून हातही गार असणार, असं काकूंना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला काकूंच्या घोट्याला काहीतरी टोचलं. त्यांनी चापट मारली. मग कोपराला टोचलं, मग मानेला. पहिल्यांदा त्यांना हसूच आलं.

"अहो, बघा तरी. आज माझ्याकडे वळलेत. तुमचं रक्त औषधांनी कडू केलं वाटतं."

मास्तर हसले. त्यांचे हात उघडे होते, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. काकू हसता हसता त्या हातांकडे बघायला लागल्या आणि बघतच राहिल्या. एक डास मास्तरांच्या कानापाशी आला, तिथे घोटाळला आणि वळून सरळ काकूंकडे आला. दुसरा मनगटाजवळ आला आणि तोही वळला. फूटपट्टी उशाशी होती तशीच पडलेली होती.

"खाजत नाही का हो कुठे?"

"नाही गं. अजिबात नाही," मास्तर म्हणाले. कुणी आणखी भात वाढू का विचारल्यावर म्हणावं, तितक्या सहज.

त्या रात्री काकूंच्या डोळ्याला डोळा लागला नाही. अंगभर गांदी उठल्या होत्या. शेवटी अंधारात चाचपडत त्यांनी मास्तरांची फूटपट्टी घेतली आणि तिने आपली पाठ खाजवली. आयुष्यात पहिल्यांदा. आणि खाजवता खाजवता त्यांना एकदम इतकं एकटं वाटलं, की फूटपट्टी उराशी धरून त्या तशाच बसून राहिल्या. शेजारी मास्तर झोपले होते. श्वास चालू होता. काकूंनी तो पुन्हा पुन्हा नाकापाशी हात धरून पाहिला.

बोट येण्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मास्तरांना तपासलं. ताप नाही, छाती साफ, खुशाल घरी जा म्हणाले. डॉक्टर गेल्यावर सिस्टर जवळ आली.

"माझी एक तपासणी राहिली आहे. संध्याकाळी त्यांना पुढच्या व्हरांड्यात आणा. बाह्या वर करून."

"कसली तपासणी?"

सिस्टरने आजूबाजूला पाहिलं. "काकू, ताप उतरला की माणूस बरा झाला असं आपण धरून चालतो. बहुतेक जण होतातही. पण या तापात काहींचा ताप उतरतो… आणि उतरतच राहतो. डॉक्टरांच्या नळीला ते कळत नाही. डासाला कळतं."

काकूंनी वळून मास्तरांच्या उघड्या हातांकडे पाहिलं.

"अशांना आम्ही मागे ठेवतो. त्यांना त्रास काही नसतो. जेवतात, बोलतात, ओळखतात सगळ्यांना. पण घरी नाही पाठवत."

"का?"

"एकदा पाठवलं होतं," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे वळली.

काकूंना मागच्या व्हरांड्यातली ती हसणारी बाई आठवली. एक रिकामी खुर्चीही त्यांनी तिथे पाहिली होती. त्या खुर्चीत मास्तरांना बसवून, एकटीने बोटीत चढायचं, एकटीने दार वाजवायचं, आणि मुलीने "बाबा कुठे?" विचारलं की काय सांगायचं? ताप उतरला म्हणून ठेवून आले? माणूस हसतो, बोलतो, नातवंडाची वाट बघतो, आणि त्याला एका डासाच्या शब्दावर मागे टाकायचं? काकूंना सिस्टरचा राग आला. भीतीपेक्षा राग बरा वाटला, म्हणून त्यांनी तो धरून ठेवला.

संध्याकाळी ते दोघं पुढच्या व्हरांड्यात बसले. समुद्र शिशासारखा झाला होता. अंधारून आलं तसे झाडीतून डास उठले. त्यांची ती बारीक, एकसुरी भुणभुण चारी बाजूंनी येऊ लागली. सिस्टर समोर स्टुलावर बसून मास्तरांच्या हातांकडे बघत होती. डास तिला चावत होते, काकूंना चावत होते. मास्तर मधोमध बसून क्षितिजाकडे बघत होते आणि त्यांच्याभोवती हातभर जागा अगदी मोकळी होती.

आतून कुणीतरी कण्हत हाक मारली. सिस्टर उठली. "आलेच," म्हणाली.

तिची पाठ वळली तशी काकूंनी आपला हात पुढे केला. एक डास बसला. त्यांनी त्याला हाकललं नाही. दात आवळून पोटभर पिऊ दिलं, त्याचं पोट लालबुंद टम्म फुगेपर्यंत. मग त्यावर तळवा दाबला आणि तोच तळवा फाडकन मास्तरांच्या मनगटावर मारला.

मास्तरांनी मनगटाकडे पाहिलं. मग काकूंकडे. त्या नजरेत सगळं समजल्याची कळ होती, आणि काकूंना वाटलं, ते आता सांगतील, अगं नको. पण त्यांनी फक्त हात सिस्टरला दिसेल असा वळवून ठेवला.

सिस्टर दारात उभी होती. ती जवळ आली आणि वाकून तो चिरडलेला डास आणि लाल डाग बघत राहिली.

"कुणाचं रक्त हे?"

"त्यांचंच."

"घरी आणखी कोण असतं, काकू?"

"मुलगी. आठवा महिना लागतोय तिला."

सिस्टर सरळ झाली. तिचा आवाज आणखीच खाली गेला. "मग तर खरं सांगा…"

"खरंच सांगतेय," काकू म्हणाल्या. पोस्टाच्या खिडकीत बसून सगळी नोकरी केली, पण असं खोटं त्या कधी बोलल्या नव्हत्या. सिस्टरने एक सुस्कारा टाकला आणि स्टूल उचलून आत गेली.

भर समुद्रात डास नसतात. त्यामुळे बोटीवर बघण्यासारखं काही नव्हतं आणि काकूंनाही काही बघायचं नव्हतं. मास्तर पहिल्यासारखेच होते, थोडे गप्प, थोडे गार. आजारातून उठलेला माणूस आहे, काकू स्वतःला सांगत.

घरी आल्यावर मुलगी बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, किती गार हात!" म्हणाली आणि तोच हात स्वतःच्या पोटावर ठेवला, बाळ लाथा मारतंय बघा म्हणून. काकूंची नजर त्या हातावरून हलेना.

मग त्यांनी एक युक्ती काढली. रोज दिवेलागणीला त्या मास्तरांच्या हातापायांना ते मलम फासायच्या. म्हणजे डास बसले नाहीत तर कुणी का म्हणून विचारायला नको. मलमाचा मास्तरांना कधी गुण आला नव्हता हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या तिकडे मुद्दामच बघत नव्हत्या.

एका संध्याकाळी ट्यूब संपली. पिळली, दुमडली, काही निघालं नाही. काकू गॅलरीत मास्तरांच्या शेजारी तशाच जाऊन बसल्या. दिवा लावलेला होता. आतल्या खोलीत मुलगी आडवी झाली होती. मास्तर मांडीवर पृथ्वीगोल घेऊन तो हळूहळू फिरवत होते.

एक डास आला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं. तो मास्तरांच्या मनगटापाशी घोटाळला, आणि वळला नाही. बसला. जिथे तो डाग होता, तिथेच.

काकूंनी श्वास रोखून धरला. डासाने सोंड खुपसली आणि तो प्यायला लागला. काकूंच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. चावला. आपल्या माणसाला डास चावला. सिस्टरचं सगळं बोलणं खोटं ठरलं. त्याचं पोट फुगू लागलं तशा त्या कौतुकाने पुढे वाकल्या.

पोट फुगत गेलं, पण लाल झालं नाही. दिव्याच्या उजेडात ते पाण्याच्या थेंबासारखं स्वच्छ दिसत होतं, आरपार.

डास जड होऊन उठला. संथपणे काकूंच्या तोंडासमोरून गेला, इतक्या जवळून की नुसत्या दोन तळव्यांत सापडला असता. काकूंचे हात उचललेले होते. पण इतके दिवस ज्याची वाट पाहिली त्याला मारायला ते जवळ येईनात. डास दारातून आतल्या खोलीत गेला.

"चावला बघ," मास्तर समाधानाने म्हणाले आणि पृथ्वीगोल फिरवत राहिले.

थोड्या वेळाने आतून मुलीचा आवाज आला. "आई, इथे डास आहे गं. चावला मला, हातावर."

काकू धडपडत उठल्या. "खाजवू नकोस. थांब, मी आले. फूटपट्टी आणू का? काहीतरी लावते…"

मग मुलगी बोलली, अगदी शांतपणे.

"नाही गं. खाजत नाही. अजिबात नाही."