नऊ अंशांचं क्रीम

क्रीमच्या गाडीचा नेहमीचा ड्रायव्हर त्या दिवशी तापानं फणफणला नसता, तर त्याच्या जागी आलेला तो आणि मी समोरासमोर कधी आलोच नसतो.

हॉटेलच्या मागच्या दारी सकाळी सहाला माल उतरतो. भाजी, अंडी, मासे, दूध... तो तपासून आत घ्यायचं काम माझं. पूर्वी सगळं नुसत्या नजरेनं पास व्हायचं. मग एका जेवणानंतर अकरा पाहुण्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतर खरेदी खात्याला नव्या मॅडम आल्या, त्यांच्यासोबत थर्मामीटर आला, आणि नियम आला. दूध-क्रीम पाच अंशांच्या वर दिसलं, की परत. एकाच पुरवठादाराचा माल तीनदा परत गेला, की त्याचं नाव यादीतून बाद.

त्या नव्या थर्मामीटरचा माझा पहिलाच दिवस होता. भित्री तर मी लहानपणापासूनचीच.

"ड्रायव्हरकाका कुठायत?" मी विचारलं.

"आजारी आहेत. आज मी," गाडीतून उतरलेला तो म्हणाला. केस पावसानं भिजलेले, बाहीवर दुधाचा डाग. "धंदा दादाचा, हमाली माझी."

मी कॅनमध्ये थर्मामीटर धरला. आठ.

"परत..." मी म्हटलं. आवाज इतका बारीक, की मलाच ऐकू आला नाही.

"काय म्हणालात?"

"परत न्यावं लागेल. पाच अंशांच्या वर चालत नाही."

तो थर्मामीटरकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला. "पहिल्याच भेटीत परत?"

"क्रीम!" मी घाईघाईनं म्हटलं. "क्रीम परत."

"मग हरकत नाही," तो हसला. "माणूस उद्या पुन्हा आणून दाखवतो."

आणि खरंच, ड्रायव्हरकाका बरे झाले तरी तो येतच राहिला. रोज. मला त्यानं नावही ठेवलं – पाच अंश.

"काय पाच अंश, आज पास का?"

"साडेतीन आहे. पास."

"क्रीमचं कोण विचारतंय? मी माझं विचारलं."

मी वहीत मान घालायची. कान मात्र लाल झालेले असायचे, आणि ते वहीत लपवता येत नाहीत.

दुसऱ्यांदा माल परत गेला, तेव्हा माझी साप्ताहिक सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुम्ही नव्हतात म्हणून गाडी रुसली." हसला, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "गाडीचं कूलिंग मधूनमधून बंद पडतं. आतला काटा चारच दाखवतो, पण तो खोटारडा. दादाला कानीकपाळी ओरडून सांगतोय, तो म्हणतो चालतंय तोवर चालू दे."

दोन झाले. आता एकच उरला.

तेव्हापासून कॅनचं झाकण काढण्याआधी मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायची. आकडा स्थिर होईपर्यंत श्वास घ्यायची नाही. 'चार' असं म्हटलं, की पलीकडे त्याचाही श्वास सुटलेला ऐकू यायचा.

आणि मग तो गुरुवार आला.

पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो पाठमोरा, दुसरा कॅन उतरवत होता. मी थर्मामीटर धरला... सहा... सात... नऊ.

पुसला. पुन्हा धरला. नऊ.

"काय आलं हो?" त्यानं मान न वळवता विचारलं.

ती भिजलेली पाठ मी बघितली. उद्या या दारात दुसराच कुणी उतरेल. परवाही. मग रोजच.

"चार," मी म्हटलं.

वहीतही चार लिहिलं. तो वळला, हसला. "उद्या भेटू, पाच अंश."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. देवा, काय केलं मी हे?

दुपारी एका शाळेच्या माजी शिक्षकांचं जेवण होतं. दोनशे माणसं, बरीचशी सत्तरी ओलांडलेली. तीन तास मी कामं करत होते म्हणजे नुसती हलत होते. फोन वाजला की दचकायची. दोनदा कोल्ड रूममध्ये जाऊन कॅनवर हात ठेवून आले. आता तर ते थंडगार लागत होते. कुणालाच कळणार नव्हतं... आणि तीच भीती जास्त मोठी होती. त्या अकरा पाहुण्यांना नेणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा कानात वाजायला लागला.

सकाळी साडेनऊला शेफ आले. "ते क्रीमचे कॅन द्या गं, गोडाला घ्यायचेत."

"नका घेऊ!" मी दारात आडवीच झाले. "दहा मिनिटं... हात लावू नका, शेफ. तुमच्या पाया पडते."

आणि मॅडमच्या खोलीकडे पळत सुटले.

सगळं ऐकून मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी शेफना फोन करून कॅन बाजूला ठेवायला सांगितले, दुसरं क्रीम मागवलं आणि खणातून एक कागद काढला. वर छापलं होतं, 'चुकीची नोंद'.

"'चूक का झाली' या रकान्यात खरं कारण लिहा. 'घाई होती' लिहू नका. सगळे तेच लिहितात."

पेन कितीतरी वेळ तसंच धरून होते. मग लिहिलं. 'माल परत केला असता, तर तो आणणारा पुन्हा आला नसता.'

मॅडमनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "हं. खाली पुरवठादाराची सही लागते. बोलावलंय त्यांना."

"मॅडम, हा कागद... त्यांनी वाचायलाच हवा का?"

"न वाचता सह्या करणाऱ्यांमुळेच तर मला इथं आणलंय."

दादाच्या वतीनं तोच अर्ध्या तासात आला. आत येतानाच चेहरा उतरलेला होता. मॅडमनी नऊचा आकडा सांगितला, तसा तो माझ्याकडे वळला. असा रागावलेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

"नऊ होतं आणि तुम्ही चार म्हणालात? अहो, कुणाला काही झालं असतं तर? मला जन्मभर झोप लागली असती का?"

माझे डोळे भरून आले.

"दारावरून यांना महिनाभर काढलंय," मॅडम म्हणाल्या. "कोरड्या मालाच्या कोठारात बसतील. आणि तुमचं नाव यादीतून गेलं. कूलिंग नीट करून सहा महिन्यांनी अर्ज करा. वाचा आणि सही करा."

त्यानं कागद घेतला. मी जमिनीकडे बघत होते. फरशीवरचा एक तडा मला आजही आठवतो, इतका वेळ मी त्याच्याकडे बघितलं. पेन कागदावर टेकल्याचा आवाज काही येईना.

"मी सही करणार नाही, मॅडम."

"का? तापमान मान्य नाही?"

"तापमान मान्य आहे. यादीतून गेलो, तेही मान्य." त्याचा आवाज आता अगदी हळू झाला होता. "हे कारण मान्य नाही. चुकीचं लिहिलंय यांनी. माल परत गेला असता, तरी मी आलोच असतो."

मी पहिल्यांदाच फरशीवरून मान वर केली.

"तोंडी हरकत मी धरत नाही," मॅडम कोऱ्या चेहऱ्यानं म्हणाल्या. "दुरुस्ती लिहून द्या."

त्यानं लिहिलं. मॅडमनी वाचलं. "'येईन' म्हणजे कधी? तारीख घाला."

तो माझ्याकडे वळला. मघाचा राग कुठल्या कुठे गेला होता, आणि आता घाबरलेला तो दिसत होता. चक्क तो!

"रविवारी... तुम्हाला भेटायला. चालेल?"

घरी आईला काय सांगायचं, कसं सांगायचं...

"संध्याकाळी पाचला," मी म्हटलं, आणि या वेळी माझा आवाज त्या दोघांनाही नीट ऐकू गेला.