अकरा गुरुवारचं पाणी

त्या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. तरी गुरुवारी सकाळी वारा खारट लागला, की तिला अजून तो दिवस आठवतो. दर गुरुवारी पाणी आणणाऱ्या बोटवाल्या काकांची कंबर धरली होती, आणि समुद्राच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन तिच्या प्रयोगशाळेच्या दारात त्यांचा पुतण्या उभा होता. उंच, उन्हाने रापलेला... आणि बोलायचं नाव नाही.

"काका कुठेत?"

"कंबर."

धक्क्यावर सगळे त्याला मौनीबाबा म्हणत, ते काही उगाच नाही.

तिने एक बाटली उजेडात धरली. "काठोकाठ भरायची असते. वर जागा राहिली की तिथली हवा पाण्यात उतरते. समुद्र तरी दुसरं काय करतो? आपण धूर सोडायचा, आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड त्याने मुकाट्याने पोटात घ्यायचा. किती घेतला, ते मी मोजते."

"त्याला त्रास नाही होत?"

तिने मान वर केली. तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "होतो. हळूहळू आंबटपणाकडे झुकतो. शिंपल्यांना कवच धरायला जड जातं."

"सगळं पोटात ठेवलं की व्हायचंच," तो म्हणाला, आणि एकदम लाजून निघून गेला.

झालं. बाईसाहेब बुधवारपासूनच गुरुवारची वाट बघू लागल्या. थोरली बहीण म्हणायची, "गुरुवारीच बरा आरसा सापडतो गं तुला?" तो यायचा, काठोकाठ भरलेल्या बाटल्या ठेवायचा, ओठ उघडायचा – आणि "येतो" म्हणून जायचा. तिला इतका राग यायचा, की दिवसभर दुसरं काही सुचायचं नाही.

वर्षअखेर आली. सलग वर्षभराचे चोख आकडे साहेबांकडे गेले, तर तिचं काम इथेच चालू राहणार होतं. नाहीतर दोन दिवसांच्या प्रवासावरच्या बंदरात बदली. आणि नेमके त्याच्या अकरा गुरुवारचे आकडे चढलेले. यंत्र तीनदा तपासलं, यंत्र ठणठणीत. मग ती स्वतःच बोटीवर गेली.

त्याने बादलीने पाणी ओढलं, बाटल्या भरायला केबिनमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं.

"दार कशाला?"

"तुषार उडतात. काकाही लावायचे."

"काका किती वेळ बसायचे आत?"

"पाचेक मिनिटं."

"आणि तुम्ही?"

"...अर्धा तास."

"बंद खोलीत, उघड्या बादलीवर वाकून, अर्धा तास? करता तरी काय?"

त्याचे कान लाल झाले. "बोलतो. तुमच्याशी काय बोलायचं, त्याचा सराव. तुमच्या दारात आलो की दातखीळ बसते हो."

अकरा आठवडे त्याचा श्वास केबिनमध्ये कोंडत होता आणि पाणी तो पीत होतं. तिला हसू आलं, आणि त्याच क्षणी डोळे भरून आले.

"आकडे तसेच ठेवले तर?" त्याने विचारलं.

"खोटे ठरतील."

"आणि खोडले तर?"

"मला जावं लागेल."

त्याने बादली बाजूला सारली. मग म्हणाला, "खोडा. माझ्यापायी खोटं नका लिहू." आवाज कापत होता त्याचा. त्या आवाजावरच ती कायमची भाळली, कुणी काही म्हणो.

तिने अकराही आकडे खोडले आणि समोर कारण लिहिलं: 'नमुना उघडा असताना माणूस बोलत होता.' साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय बोलत होता?"

"अजून कळायचंय, सर."

निघायच्या दिवशी बस लागलेली, आणि हा धक्क्यावरून धावत आला. धापा टाकत समोर उभा. पुन्हा तीच दातखीळ.

"अकरा आठवडे तयारी झाली ना?" ती म्हणाली. "आता बोला की."

"सगळं... सगळं विसरलो."

"शेवटच्या दिवशीचं तरी?"

"जाऊ नका, असं होतं. पण ते आता कुठल्या तोंडाने म्हणू?"

"मग?"

त्याने बसकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काकांची कंबर आता बरी आहे," तो म्हणाला. "तिकडेही बोटी असतीलच ना? मी येतो."

तिने पायाशी बोट दाखवलं.

"मग उभे काय राहिलात? ती पेटी उचला. जड आहे."