चष्म्यातलं बाळ

ऑफिसातल्या बैठकीच्या खोलीत चार्जर राहिला म्हणून ती घाईघाईने आत शिरली, तर डोळ्यांवर डब्याएवढा चष्मा चढवलेला एक तरुण रिकामे हात जोजवत उभा होता.

“श्श… आत्ताच डोळा लागलाय!”

तिला हसू आवरेना. हा म्हणे आभासी जगाचा कारागीर. नोकरी करणाऱ्या आईचे हाल साहेबलोकांना या चष्म्यातून कळावेत म्हणून कंपनीने बोलावलेला. आणि ती हिशेब विभागातली, चार वर्षांच्या छकुलीची एकटी आई. तिनेही चष्मा लावून पाहिला.

“बाळ फारच गुणी हो तुमचं! आणि या आईला दुसरं एकही काम कसं नाही?”

“मग… शिकवा ना.”

झालं! रोज चहाच्या वेळी याची नवी शंका तयार. एका रविवारी बागेत छकुली त्याच्या खांद्यावर झोपून गेली. पुढे शंका संपल्या, तरी चहा काही संपेना.

“एकच विचारायचं राहिलंय,” एकदा तो म्हणाला. “लग्न… कराल माझ्याशी?”

“चष्मा काढला की तुमची सुटका होते. माझी होत नाही.”

“मला सुटका कुठे हवीय?”

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. हो म्हणावं, तर उद्या हा कंटाळला म्हणजे? सोडून गेलेल्या बापाची वाट छकुलीने खिडकीत बसून पाहिली होती. पुन्हा ते नको. आणि नाही म्हणावं, तर… चहाच्या आधी ती केस का सारखे करत होती?

प्रयोगाच्या दिवशी साहेबांनी चष्मा चढवला. त्यानंतर तिला आई म्हणून सगळ्यांसमोर बोलायचं होतं. तेवढ्यात पाळणाघराचा फोन – नळ फुटलाय, मुलांना लगेच न्या. ती उठली, तर खोटं बाळ जोजवत साहेब खेकसले, “बसा हो! घरची कामं नंतर!”

“मी आणतो तिला,” तो हळूच म्हणाला.

“परक्या माणसाकडे मूल देत नाही आम्ही,” दुसरं कोणी येतंय म्हटल्यावर फोनवर पाळणाघराच्या ताई म्हणाल्या. “कोण येतंय? नातं काय?”

तिने वळून पाहिलं. तो गाडीची किल्ली घेऊन दारापाशी पोचलासुद्धा होता.

“परके नाहीत, ताई. घरचेच आहेत.”

तो दारातच थबकला. “म्हणजे… हो?”

“आधी तुमच्या लेकीला आणा!” ती म्हणाली, आणि कानांपर्यंत लाल झाली.