आतून लिंपलेलं पेव

पुंडलिकनगरच्या गणेश मंडळानं बन्सीअण्णाला शाल दिली, ती १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, मुसलमानांच्या घरांवर हल्ले होत असताना, जिवलग मित्राला वाचवल्याबद्दल. शाल चांगली होती. वाचवल्याचं तेवढं खोटं होतं.

लपवलं होतं, हे खरं. आज अण्णाचं अंगण आहे तिथं तेव्हा त्यांचं खळं होतं आणि खळ्यात ज्वारी साठवायचं पेव, म्हणजे पुरुषभर खोल खड्डा. अकरा वर्षांचा कय्युम, डाव्या हातानं गोट्या खेळून बन्सीला रोज हरवणारा, त्यात उतरला. बन्सीनं तोंडावर फरशी सरकवली आणि कुणाला संशय नको म्हणून नेहमीसारखं शेणमातीनं लिंपून टाकलं. बंद पेवात दिवासुद्धा विझतो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. त्या घाईत तेच सुचलं नाही.

दुपारी काढतो म्हणाला. दुपारी बापानं त्याला गाडीत घालून मामाच्या गावी नेलं. मार बसेल म्हणून हा बोलला नाही. आठ दिवसांनी परतला, पण फरशीला हात लावला नाही. कय्युमच्या बहिणीला, आबेदाला, सांगितलं, हैदराबादला पळाला.

चाळीस वर्षं ती शहागंजात पोस्टमनची वाट बघत राहिली.

यंदा अंगणाच्या त्या कोपऱ्यात ताज्या शेणाचा वास येऊ लागला. गल्लीत गाय नाही, म्हैस नाही. अण्णाची बायको भागूबाई शेजाऱ्यांशी भांडून थकली. भर वैशाखात तिथली माती ओली राहू लागली, तेव्हा अण्णानं आबेदाला बोलावलं आणि सगळं सांगून हात जोडले.

"शाल घेताना कय्युम आठवला नाय व्हय रे?" ती म्हणाली. "आता वास सोसंना, तर माफी पायजे?"

"आपा, चुकलो."

"मला काय सांगतो? त्याला सांग. उघड."

त्यानं स्वतः खणलं. फरशीवरचं लिंपण वाळून दगड झालं होतं. त्यात त्याचीच लहानपणची बोटं उमटलेली.

पहारीनं फरशी उचलून उलटी टाकली. रिवाजाप्रमाणं आत कंदील सोडला.

विझला नाही.

तळाशी हाड नव्हतं, चिंधी नव्हती. भिंती स्वच्छ.

"आपा, सुटला असंल तो," अण्णा म्हणाला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला.

आबेदा उलट्या फरशीपाशी बसली होती.

फरशी खालूनही लिंपलेली होती, काठोकाठ, एक फट न ठेवता. बोटं लहान होती. डाव्या हाताची.

तिनं त्यांवर आपलं बोट टेकवलं. शेण ओलं होतं.